वरची पट्टी

खुराड्याच्या पत्र्याखालची फट बुजवायची की उघडी ठेवायची, यावरून त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्यांकडे वाटणीवरून होत नसतील. दर वर्षी थंडी पडायच्या सुमाराला अण्णा शिडी लावून तिथं लाकडी पट्टी ठोकायचे, आणि ते चहाला आत गेले की आई त्याच शिडीवर चढून ती उपसून काढायची. पुन्हा पट्टी, पुन्हा उपसाउपशी. शेवटी जिंकायची आईच, हे शेजाऱ्यांनाही पाठ झालं होतं. पण उन्हाळ्याच्या तोंडाला आई गेली, तीही कोणाला फार न दमवता, आणि यंदा पट्टी ठोकून झाल्यावर मागून शिडीवर चढणारं कोणी उरलं नव्हतं.

त्या शनिवारी सगळे जमले ते खुराडं थंडीसाठी तयार करायला. निदान म्हणायला तरी तेच.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती, म्हणूनच तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. या घराची ती खोडच. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ही माणसं हवापाण्यावर घसरायची. अण्णांची थोरली लेक ताई आणि तिच्या पाठचा मुलगा भाऊ, या दोघांनी फोनवर बरेच दिवस खल करून ठरवलं होतं की अण्णांनी थंडीत या घरात एकटं राहायचं नाही. कोंबड्या कोणाला तरी देऊन टाकायच्या, घराला कुलूप लावायचं आणि अण्णांनी भाऊकडे शहरात जायचं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "आधी खुराडं तर होऊ दे. कोंबड्यांना थंडी सोसली तर मलाही सोसेल. नाही सोसली तर बघू." म्हातारा कोंबड्यांच्या आड लपतोय, असं ताईचं म्हणणं. असेलही. पण शब्द दिला गेला होता, आणि आता सगळं त्या खुराड्यावर येऊन ठेपलं होतं.

भाऊच्या बायकोला अख्खी गल्ली सूनबाईच म्हणायची. तिला या सगळ्यात कोणी काही विचारलंच नव्हतं. ज्या घरात म्हातारा माणूस यायचा ते घर झाडणारी, तिथं स्वयंपाक करून चष्म्याच्या दुकानात कामाला पळणारी बाई तीच. पण तिची मान आपोआप हलणार, असं बहीण-भावांनी गृहीत धरलेलं.

आणि तिला सासरे घरी यायला नको होते. झालं, सांगून टाकलं. अण्णा वाईट होते म्हणून नव्हे. अण्णा म्हणजे आयुष्यभर दारं-खिडक्या बनवलेला सुतार; दुसऱ्याच्या घरात गेले की आधी बिजागऱ्या बघणार, मग माणसं. भल्या पहाटे उठून रेडिओ लावणार, दिसेल ती खिडकी बंद करणार, आणि काही खुपलं तर बोलणार नाहीत, नुसते बसून राहणार. त्यांचं ते बसून राहणं आठवलं तरी तिला नको व्हायचं. शिवाय बाहेरची खोली सोडली तर घरात दोनच खोल्या. त्यातली एक यंदाच कुठं लेकीला मिळाली होती, आणि ती पोर भिंतीवर चित्रं चिकटवून नुकती कुठं रुळली होती. तिला पुन्हा बाहेरच्या खोलीत पाठवायचं? सूनबाई रात्ररात्र या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची, आणि अशी कशी गं तू सून, असं स्वतःलाच विचारायची. उत्तर काही मिळायचं नाही, झोपही यायची नाही.

म्हणून ती त्या दिवशी पदर खोचून कामाला भिडली. अण्णा इथंच राहावेत म्हणून ती खुराडं पक्कं करत होती, आणि बघणाऱ्याला वाटत होतं, काय बाई माया!

"सूनबाई, फळी धर. अशी नाही, उभी. हां." अण्णा रंधा फिरवत होते. लाकडाच्या पातळ सुरळ्या त्यांच्या पायाशी पडत होत्या. "बघ, माझ्या दारातून वारासुद्धा विचारून आत येतो."

"आणि नाही म्हटलं तर परत जातो," सूनबाई म्हणाली.

अण्णा खुदकन हसले. बायको गेल्यापासून त्यांना असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. भाऊनं मान वर करून बायकोकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत असं काही कौतुक दाटून आलं की तिनं घाईघाईनं फळीकडे बघितलं.

खुराडं घराच्या मागच्या भिंतीला लागून होतं. विटांच्या थरावर उचललेलं, लाकडी, वर पत्रा. आत दोन आडव्या दांड्या, कोंबड्यांना बसायला. कोपऱ्यात अंड्यांसाठी फळांच्या पेट्या. सकाळपासून जुना भुसा काढून जमीन खरवडली होती, चुना मारून वाळवली होती, आणि वर नवा कोरडा भुसा चांगला जाड अंथरला होता. वाऱ्याच्या बाजूच्या फळ्या अण्णांनी नव्या घातल्या. खालच्या जाळीला आतून गोणपाट ठोकलं. दाराला सुद्धा गोणपाटाचा पडदा. तेवढा वेळ कोंबड्या अंगणभर फिरून सगळ्यांच्या पायांत येत होत्या, आणि हवालदार, म्हणजे त्यांचा कोंबडा, भिंतीवर चढून जो तो आपापलं काम करतोय की नाही ते बघत होता.

तो एकटाच नव्हता. पालथ्या बादलीवर बसून ताईही तेच करत होती.

"भाऊ, तो खिळा वाकडा जातोय."

"ताई, तू औषधाच्या दुकानात गोळ्या मोज. खिळे माझ्यावर सोड."

"तुझ्यावर सोडलं म्हणूनच म्हणतेय."

भाऊला भुशावर विजेचा दिवा टांगायचा होता. रात्रभर चालू ठेवला की ऊब राहील, असं कुठं तरी ऐकून आला होता. अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वायर गुंडाळायला लागला.

"कोरड्या भुशावर दिवा? कोंबड्या राखायच्यात, भाजायच्या नाहीत."

"मी आपलं सुचवलं."

"सुचव की. सुचवायला कोणी नाही म्हटलंय?"

भाऊनं वायर बाजूला ठेवली. विम्याच्या कचेरीत दहा माणसं त्याच्या शब्दावर हलायची, आणि इथं त्याच्या हातातला खिळासुद्धा वाकडा जात होता. अण्णा आपल्या घरी आले तर निदान तिथं तरी ते मला मोठा झालेला बघतील, असं त्याच्या मनात असावं. सूनबाईला तसं वाटायचं. तो कधी बोलला नव्हता.

दुपार कलली तेव्हा फक्त पत्र्याखालची फट उरली. हाताच्या पंजाएवढी उंच, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाळी लावलेली. अण्णा पट्टी घेऊन शिडीवर चढले.

"अण्णा," भाऊ खालून म्हणाला, "ही फट आई उघडी ठेवायची ना?"

"तुझ्या आईला माझ्या प्रत्येक कामात खोट दिसायची."

"काही कारण असेल तिचं."

"कारण मीच," अण्णा म्हणाले, पण ते तोंडात खिळे धरून पुटपुटल्यासारखं. भाऊला ऐकू गेलं नाही. शिडी धरून उभ्या असलेल्या सूनबाईला गेलं.

सासूला ती पट्टी उपसताना तिनंही पाहिलं होतं, आणि सासू उगीच काही करणारी बाई नव्हती. एकदा म्हणून बघावं का, की अण्णा, राहू द्या, आई उघडी ठेवायच्या तर राहू द्या? पण अण्णा आज खुशीत होते. खुराडं त्यांच्या मनासारखं झालं तर ते इथं राहणार होते. तिनं पायाशी ठेवलेल्या डब्यातून मूठभर खिळे काढून वर दिले.

शेवटचा खिळा बसल्यावर अण्णांनी मेणबत्ती मागवली. ती पेटवून वाकून खुराड्यात शिरले, गोणपाटाचा पडदा सोडायला लावला, आणि आतून ओरडले, "या, बघा बघा!" सगळे पडदा किलकिला करून डोकावले. ज्योत सरळ उभी होती. जराही हलत नव्हती.

"आहे कोणाची बिशाद!" अण्णा म्हणाले.

त्यांचा तो आनंद बघून ताईसुद्धा बादलीवरून उठून आली आणि "छान झालंय हो अण्णा," म्हणाली. सूनबाईला सुटल्यासारखं वाटलं. लगेच लाजही वाटली. दोन्ही एकदमच.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळे जेवायला बसले. आईच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. भाऊनं मुद्दाम आतून स्टूल आणलं. बाहेर कडाका वाढत होता. काचेवर आतून वाफ धरली होती. रश्शाचं पातेलं मध्ये ठेवलेलं, आणि अण्णा दिवसाचं काम पुन्हा पहिल्यापासून सांगत होते, जणू बाकीचे तिथं नव्हतेच.

"म्हणजे तुम्हाला यायचंच नाही," भाऊ एकाएकी म्हणाला.

अण्णांनी पाव मोडला. "आज थंडी फार आहे. पहाटे दव गोठणार."

"मी काय विचारलं?"

"ऐकलं मी."

"मग?"

"खुराडं झालंय ना नीट? ठरलं होतं तसं झालं."

ताई मध्ये पडली. "अण्णा, भाऊकडे काय कमी आहे तुम्हाला? चोवीस तास गरम पाणी, हाकेच्या अंतरावर डॉक्टर, नात आहे, सूनबाई आहे. ती तर सकाळपासून किती राबतेय तुमच्यासाठी, बघताय ना!" तिचा आवाज वरच्या पट्टीत गेला होता, आणि ताईचा आवाज तिथं गेला की ती स्वतःलाच काही तरी पटवत असते.

सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "रस्सा वाढू?"

घ्या! लग्न होऊन आली तेव्हा ती तोंडावर बोलणारी मुलगी होती. इतक्या वर्षांत तिलाही या घराचं पाणी लागलं होतं.

जेवणं झाल्यावर सूनबाई भांडी घासत होती, तेव्हा ताई फडकं घेऊन तिच्या शेजारी उभी राहिली. एक ताट पुसलं, दुसरं पुसलं, तेच पुन्हा पुसलं.

"तू एवढी का राबत होतीस, कळलंय मला," ताई हळूच म्हणाली.

सूनबाईच्या हातातला पेला साबणात निसटला. "मग सांगा की जाऊन तुमच्या भावाला."

"मी कशाला सांगू?" ताईनं खिडकीकडे बघत ताट पालथं घातलं. "तुझं नि माझं दुखणं एकच आहे." आणि ती फडकं झटकून निघून गेली.

सकाळी सूनबाईला जाग आली ती भाऊच्या हाकांनी. अंगणातलं गवत पांढरं झालं होतं, पावलांखाली करकरत होतं. कोंबड्यांच्या पाण्याचं भांडं घट्ट गोठलेलं. ती शाल गुंडाळून पोचली तेव्हा अण्णा खुराड्याच्या दारात वाकून उभे होते आणि पडदा हातात धरून आत बघत होते. ताई नाकाला रुमाल लावून मागं सरकली होती.

आतून वाफ आली, तिच्याबरोबर असा उग्र दर्प की डोळे चुरचुरले. भिंती घामेजल्यासारख्या ओल्या. पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंबांची रांग लागली होती, आणि एकेक थेंब खाली भुशावर, दांडीवर, कोंबड्यांच्या पाठीवर पडत होता. काल हाताला कुरकुरीत लागणारा भुसा वरून ओला होऊन दबला होता. कोंबड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि पिसं फुगवून कण्हल्यासारखा आवाज काढत होत्या. हवालदाराचा तुरा भिजला होता. त्याची टोकं पांढुरकी पडली होती.

"हे पाणी आलं कुठून?" भाऊ म्हणाला. "पत्रा गळतोय का?"

"पाऊस कुठाय गळायला?" ताई म्हणाली. तिनं हवालदाराला उचलून शालीत घेतलं होतं, आणि एरवी कोणाला जवळ न येऊ देणारा तो कोंबडा तिच्या कुशीत निपचित होता. "त्यांच्याच श्वासाचं पाणी आहे हे. विष्ठेची वाफ, श्वासाची वाफ, जाणार कुठं? काल रात्री आपल्या स्वयंपाकघराच्या काचा बघितल्यास ना? तसंच. वरून बाहेर पडायला जागाच नाही. वर गेली, पत्र्याला लागून गार झाली, खाली पडली. ओलं अंग, त्यात ही थंडी. आणखी चार रात्री अशा गेल्या असत्या तर यांचे तुरे झडले असते, नाही तर या मेल्या असत्या."

भाऊनं सुस्कारा सोडला. त्यात दुःख होतं, पण त्यात आणखीही काही होतं, आणि ते सूनबाईला ओळखू आलं. "झालं तर मग," तो म्हणाला. "बघितलंत ना अण्णा? तुम्हाला एकट्याला हे जमायचं नाही. आजच त्या दूधवाल्याला विचारतो, तो घेईल कोंबड्या."

हात वर करून अण्णांनी पत्र्याला बोट लावलं. थेंब बोटावरून मनगटावर आला, मनगटावरून बाहीत गेला. मग ते खुराड्याच्या बाहेर आले, पट्टीकडे बघत राहिले, आणि मटकन पालथ्या बादलीवर बसले.

"अण्णा? चक्कर येतेय का?" सूनबाई त्यांच्या पुढ्यात वाकली.

"ती कोंबड्यांचं बोलत होती," अण्णा म्हणाले.

"कोण?"

"अगं, तुझी सासू. दर वर्षी पट्टी काढायची आणि म्हणायची, इतकं बंद बंद करू नका हो, जीव कोंडतो. जीव कोंडतो, एवढंच. मान खाली घालून, पट्टीचे खिळे सरळ करत. मला वाटायचं, ती माझ्याबद्दल बोलते. या घराबद्दल. माझ्याबरोबर तिचा जीव कोंडतो म्हणते. मग मी काय बोलणार त्यावर? मी गप्प बसायचो. आणि पुढच्या वर्षी मुद्दाम आणखी घट्ट ठोकायचो. मरेपर्यंत मी ते मनात धरून बसलो, सूनबाई. आणि ती बाई कोंबड्यांचं बोलत होती!"

ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग हसू कुठं संपलं ते कळलंच नाही. भाऊ जागच्या जागी खिळला होता. बापाला रडताना त्यानं आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. ताईनं कोंबड्याला छातीशी घट्ट धरलं.

थोड्या वेळानं अण्णांनी बाहीनं तोंड पुसलं. "की दोन्हींचं बोलत होती?"

हे त्यांनी सूनबाईला विचारलं. लेकीला नाही, मुलालाही नाही. नाही हो अण्णा, फक्त कोंबड्यांचं, असं म्हणणं किती सोपं होतं! ओठांवर आलंच होतं. पण चष्म्याच्या दुकानात ती रोज बघायची, समोरची अक्षरं दिसत नसताना माणसं दिसतंय दिसतंय म्हणतात आणि चुकीचा नंबर घेऊन घरी जातात. तिला एकदम या सगळ्याचा कंटाळा आला.

"दोन्हींचं असेल, अण्णा," ती म्हणाली. "थोडं दोन्हींचं. पण आधी कोंबड्यांचं. नुसतं तुमचंच असतं तर त्या एवढी वर्षं शिडीवर चढल्या नसत्या, सरळ निघून गेल्या असत्या."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली.

"आणि आता मी माझं बोलते," सूनबाई म्हणाली. आता तिची जीभ सुटली होती. "मला तुम्ही आमच्याकडे यायला नको आहात. काल दिवसभर मी राबले ती मायेनं नाही. हे खुराडं धड व्हावं आणि तुम्ही इथंच राहावं, म्हणून राबले. पट्टी ठोकताना मला शंका आली होती, तरी मी खिळे दिले. तुमची नात आत्ता कुठं तिच्या खोलीत सुखानं झोपतेय. आणि तुम्ही कोपऱ्यात गप्प बसलात की मला घरात श्वास घेता येत नाही. हे मी तुमच्याबद्दल बोलतेय. कोंबड्यांबद्दल नाही."

"अगं काय बोलतेस!" भाऊ ओरडला.

"बोलू दे तिला," अण्णा म्हणाले.

"बोलू दे काय? तोंडाला येईल ते बोलायचं? मी सगळ्यांसमोर सांगितलंय की अण्णा माझ्याकडे..."

"तू सांगितलंस. मला विचारलंस?" सूनबाई म्हणाली.

भाऊ कानांपर्यंत लाल झाला होता. तिला त्याची दया आली, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

"तिला एकटीला कशाला बोलतोस?" ताई मागून म्हणाली. कोंबड्याच्या डोक्यावर हात फिरवत, त्यालाच सांगतेय अशा आवाजात. "मी तरी काय केलं? मी एकटी राहते. नवरा नाही, मूल नाही. उद्या सगळे म्हणणार, हिला काय, हिनं राहावं बापाजवळ. ते कोणी म्हणायच्या आत मी तुझं नाव पुढं केलं, भाऊ. तुला वाटलं ताईला किती काळजी. काळजी होती. पण आधी ते होतं."

सूनबाईला वाटलं, आता काही तरी कोसळणार. काही कोसळलं नाही. अण्णांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि त्या सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"चला," ते म्हणाले. "आता माझंही ऐका. खुराडं, कोंबड्या, हे सगळं मी बोललो ते खोटं. मला रात्री इथं एकट्याला भीती वाटते. अंधार पडला की वाटते. चोराची नाही, कसलीच नाही, नुसती भीती. पलंगाच्या त्या बाजूला बघवत नाही. म्हातारा माणूस, कसं सांगायचं हे? म्हणून म्हटलं, कोंबड्या आहेत, मी इथंच राहतो. मला वाटलं, तुम्ही थोडा आग्रह धराल." ते कसनुसं हसले. "तुम्ही खुराडंच बांधायला घेतलं."

खरं बोलून मोकळं व्हावं म्हटलं, आणि हे समोर येऊन उभं राहिलं. आपण आधी बोललो नसतो तर हेही बाहेर आलं नसतं, एवढं सूनबाईला कळत होतं. लेकीच्या खोलीतली चित्रं डोळ्यांसमोर आली. मग पलंगाची ती रिकामी बाजू आली, आणि ती काही केल्या जाईना.

"मग चला आमच्याकडे," ती म्हणाली.

"अगं, आत्ताच तर..."

"तेही खरं होतं. हेही खरं आहे. मला नको होतं, अजूनही पुरतं हवंय असं नाही. पण तुम्ही रात्री इथं घाबरून बसलाय हे ठाऊक असताना मला तिथं झोप लागणार नाही. तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपायचं. पोरीची खोली पोरीचीच. रेडिओ उजाडल्याशिवाय नाही. आणि खुपलं की बोलायचं."

"आणि कोंबड्या?" भाऊनं विचारलं. आवाज इतका बारीक की लहानपणचा वाटला. "दूधवाल्याला..."

"खबरदार!" ताई म्हणाली. "कोंबड्या कुठं जात नाहीत. थंडीभर मी इथं राहते. इथून माझं दुकान काय लांब आहे? भाड्याच्या त्या एका खोलीपेक्षा बरंच की. माणूस सांभाळायची मला धास्ती वाटते रे, कोंबड्यांची नाही. आणि हा," तिनं शालीतल्या हवालदाराकडे पाहिलं, "हा उलट बोलत नाही."

"बोलेल," अण्णा म्हणाले. "बरा झाला की बोलेल."

मग बोलण्यापेक्षा करायलाच पुष्कळ होतं. ताईनं पिशवीतून मलमाची डबी काढून तुऱ्याला लावलं. भाऊ फावड्यानं ओला भुसा ओढायला लागला. बायकोकडे बघत नव्हता, पण तिच्या वाटेतली घमेली न सांगता उचलत होता. त्याच्याशी घरी जाऊन बोलावं लागणार होतं, आणि ते काही एका संध्याकाळचं काम नव्हतं. अण्णांनी शिडी लावली. सूनबाईनं ती धरली.

पट्टी सहजी निघेना. अण्णांनी ठोकलेली ती. खिळा करकरत बाहेर यायचा तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुःख आणि अभिमान दोन्ही उमटायचे. एका टोकाकडून ती सुटत गेली तशी आतली वाफ पत्र्याखालून बाहेर पडायला लागली, गार हवेत पांढरी दिसायला लागली. खालच्या बाजूला गोणपाट तसंच होतं. कोंबड्यांना वारा लागत नव्हता.

"सूनबाई," अण्णा शिडीवरूनच म्हणाले, खाली न बघता. "तिकडं भांडशील ना माझ्याशी?"

"भांडेन."

"तोंडावर?"

"तोंडावरच."

"मग जरा मोठ्यानं भांडत जा, मला कमी ऐकू येतं." शेवटचा खिळा निघाला. त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी खाली तिच्या हातात दिली. "आणि कोणाबद्दल बोलतेस, तेवढं आधी सांगत जा."